बत्तीसच्या बत्तीस

दातांच्या दवाखान्याच्या मागची ती छोटी खोली मुळात एक्स-रे मशीनसाठी बांधली होती. मशीन काही आलं नाही. त्याऐवजी डॉक्टरांची बायको आली. घरी बसून ऑफिसचं काम करायचं म्हटलं की दर पाच मिनिटांनी दाराची बेल वाजते, म्हणून तिने या खोलीत टेबल टाकलं, लॅपटॉप उघडला आणि संसार थाटला. दाताच्या खुर्चीत आणि तिच्या खुर्चीत आता फक्त प्लायवूडची एक भिंत होती. दिसायला ती भिंत होती; आवाजापुरती ती नव्हतीच. पलीकडे ड्रिल सुरू झालं की इकडे मीटिंगमधले सगळे विचारायचे, "कुणाकडे बांधकाम चालू आहे का?"

ऑफिसात तिला सगळे 'सुईण' म्हणत. तिचं कामच तसं होतं. कंपनी रोज सकाळी कुठल्यातरी लांबच्या इमारतीतले बत्तीस संगणक भाड्याने घ्यायची. ते यायचे ते कोऱ्या पाटीसारखे. त्यांना ना काम माहीत, ना हत्यारं. मग एक सेटअप स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची एक फाईल, प्रत्येकाच्या कानात सांगितली जायची: हे बसव, ते उघड, अमक्याशी बोल, तमक्याशी बोलू नकोस. एवढं झालं की बत्तीस जण एकदिलाने उभे राहायचे, एका बस कंपनीची आदल्या दिवशीची सगळी तिकिटं चाळायचे, कुठल्या मार्गावर गर्दी झाली ते सांगायचे आणि काम संपताच निरोप घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे बत्तीस. रोज सकाळी एवढ्यांना सुखरूप जगात आणणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मात्र बाळंतपण अडलं.

आणि अडलं तेही मुहूर्त बघून. बस कंपनीचा करार महिनाअखेर संपत होता. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवण्याआधी त्यांच्या मॅनेजरबाई दुपारच्या मीटिंगमध्ये सगळं काम डोळ्यांनी बघणार होत्या. साहेबांनी तर जाहीरच करून टाकलं होतं, "मॅडम, बटण तुम्ही स्वतः दाबा. बत्तीस मशीन तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहतील!" साहेबांना बटण कुठे असतं हे माहीत नव्हतं, पण त्यांचा आत्मविश्वास ज्ञानावर कधीच अवलंबून नसे.

दुपारी फजिती नको म्हणून सुईणीने सकाळीच एकदा करून बघायचं ठरवलं. तिने हुकूम सोडला, आळस दिला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'सेटअप फसला. कारणासाठी मशीनवरची नोंद पाहा.'

नोंद पाहायला ती मशीनवर गेली. मशीनच नव्हतं. सेटअप फसला की मशीन आपोआप मोडीत काढायचं, अशी कंपनीची शिस्त होती. ही शिस्त साहेबांनी काटकसर म्हणून स्वतः घालून दिली होती. म्हणजे रोगी मेला, त्याच्याबरोबर त्याचे रिपोर्टही जाळले आणि आता नातेवाईकांना सांगितलं की मृत्यूचं कारण रिपोर्टमध्ये आहे.

"बरं," ती पुटपुटली. "आता फसलात तरी मरायचं नाही. तसेच पडून राहा."

तिने मोडीत काढायची सूचना बंद केली आणि पुन्हा सगळं सुरू केलं. पुन्हा फसलं, पण या खेपेला मशीन जागेवर होती. तिने नोंद उघडली. नोंदीत एकच ओळ होती: 'फाईल सापडत नाही.'

तिने फाईल शोधली. फाईल ढळढळीत समोर होती. त्याच नावाची, त्याच जागी, जिथे ती रोज असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे माणसांचं ठीक आहे, पण बत्तीस संगणकांनी एकमताने कळसा काखेत धरून 'कळसा कुठाय' म्हणून विचारावं, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

एव्हाना ऑफिसात बातमी फुटली होती. बिघाडाची बातमी फुटली की ऑफिसात मदतीचा महापूर येतो आणि पुरात आधी वाहून जातो तो मदत मागणारा. फोनवर पहिला आला आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचे आराखडे आखणारा. हा गृहस्थ कुठलाही प्रश्न सोडवत नसे, फक्त त्याला मोठं नाव देत असे.

"हे बघ, मला हा नेटवर्कचा प्रॉब्लेम वाटतो," तो म्हणाला.

"अरे, नोंदीत फाईल सापडत नाही असं आहे."

"तेच तर. नेटवर्क नसेल तर सापडणार कशी? थांब, मी माझ्या पद्धतीने एकदा उभं करून बघतो."

त्याने आपले बत्तीस मागवले. ते फसले. मग सुरक्षा सांभाळणारा आला. त्याला सगळे रखवालदार म्हणत, कारण त्याचं एकच काम होतं: दारं बंद करणे. तो म्हणाला, "काल मी एक दार बंद केलं होतं. पण ते या कामाचं नव्हतं. बहुतेक. बघू का?" त्यानेही आपले बत्तीस मागवले. तेही फसले. आणि सुईणीने 'मरायचं नाही' असं बजावून ठेवल्यामुळे हे सगळे फसलेले संगणक आडवे पडून जागा अडवून बसले. तिने पुन्हा हुकूम सोडला तेव्हा उत्तर आलं: 'तुमच्या कंपनीची मशीनची मर्यादा संपली आहे.'

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. जिवंतांना जागा नाही, कारण मेलेले उठायला तयार नाहीत.

तिच्या हेडफोनची चार्जिंग संपलेली. फोन स्पीकरवर टाकून ती रखवालदारावर ओरडली, "अरे, एक पण धड नाहीये! बत्तीसच्या बत्तीस गेलेत! आता जपून काय उपयोग? सगळे काढून टाक! हो, सगळे! एक सुद्धा ठेवू नकोस. मग नवीन बसवू!"

प्लायवूडच्या पलीकडे कसलातरी धातूचा ट्रे खाली पडला. पाठोपाठ धावत्या पावलांचा आवाज आणि दार आपटल्याचा दणका.

दोन मिनिटांनी डॉक्टर आत आले. हातमोजे तसेच, मास्क हनुवटीवर. डॉक्टर स्वभावाने शांत होते. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची असतील तर आपलं बंद ठेवावं लागतं.

"अगं, काय बोललीस तू आत्ता?"

"मशीन काढायला सांगितली. का?"

"खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापक होते. फक्त दात साफ करून घ्यायला आले होते. तुझं 'बत्तीसच्या बत्तीस काढून टाक' ऐकलं आणि गळ्यातला कागद न सोडता पळाले. बाहेर बसलेले दोघं त्यांच्या मागे पळाले. ते का पळाले, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसेल."

"अरे देवा! सॉरी रे."

"आता एकच पेशंट उरलीये. गाल सुजलाय, दुखणं जोरात आहे. तिला पळण्याएवढं त्राण नाही म्हणून टिकली. तिला भूल दिलीये. तेव्हा कृपा करून पुढचा अर्धा तास कोणाला काढू नकोस, बसवू नकोस, मारू नकोस."

डॉक्टर गेले आणि साहेबांचा फोन आला. साहेब फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. ते थेट भाषणाला उभे राहत.

"हे काय ऐकतोय मी? आजच्या दिवशी? मला रूट कॉज हवाय, रूट कॉज!"

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "रूट कनाल आहे, घाबरू नका. मुळापर्यंत जावं लागेल."

"कोण बोललं ते?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. सर, मला एक अर्धा तास शांतपणे बघू द्या, मी—"

"शांतपणे? मॅडम, ही शांत बसायची वेळ आहे का? मी सगळ्यांना मीटिंगला बोलावलंय. तुम्ही येऊन सांगा की काम अजून का झालं नाही."

"सर, मीटिंगला आले तर काम कसं होईल?"

"तेही मीटिंगमध्ये सांगा."

मीटिंग भरली. तिच्यात बिघाडाशी संबंध नसलेले बरेच जण होते आणि तेच जास्त बोलत होते. आर्किटेक्टने नेटवर्कचं एक चित्र दाखवलं. चित्रात ढग होते, बाण होते, उत्तर नव्हतं. रखवालदाराने सांगितलं, की त्याने सगळी दारं उघडून बघितली, मग घाबरून पुन्हा लावून घेतली, आणि आता त्याला स्वतःलाच आत जाता येत नाही. साहेबांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि निर्णय दिला.

"हे बघा, दुपारपर्यंत झालं तर उत्तम. नाही झालं, तर बस कंपनीच्या बाईंना सांगायचं की बिघाड त्यांच्याच बाजूला आहे. त्यांचा डेटाच खराब आला. त्यांना काय कळतंय यातलं? आणि फारच ताणून धरलं तर... सुईणबाई, नाइलाजाने तुमचं नाव घ्यावं लागेल. मनाला लावून घेऊ नका. टीममध्ये कुणीतरी पुढे व्हायचंच असतं."

सुईणीचे कान तापले. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी तिने हे बत्तीस उभे केले होते, त्याबद्दल कुणी कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. आज पहिल्यांदा घ्यायचं म्हणतात, तर ते बुडवायला. ती काहीतरी खरमरीत बोलणार, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. गळ्यात दवाखान्याचा निळा कागद, एक गाल टरारून सुजलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला आणि डोळ्यांत निखारे. मागून डॉक्टर हात जोडून "अहो, भूल चढू द्या, बसा" म्हणत होते.

बाईंनी आधी पुढे होऊन लॅपटॉपचा माईक आणि कॅमेरा बंद केला. मग म्हणाल्या, "भफ कंफनीच्या भाई म्हंजे मी."

"कोण?"

बाईंनी ओठ बोटाने वर उचलून धरला आणि पुन्हा प्रयत्न केला. "बस कंपनीच्या बाई. मी. मॅनेजर. दुपारच्या मीटिंगला तोंड उघडता यावं म्हणून आले होते."

सुईणीची दातखीळच बसली. डॉक्टरांनी व्यवसायाच्या सवयीने तिच्या जबड्याकडे बघितलं.

"मॅडम, ते... सर म्हणाले ते..."

"ऐकलं. सगळं ऐकलं. मला काय कळतंय यातलं, तेही ऐकलं." बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ठाण मांडून बसल्या. "आमच्या बाजूला बिघाड आहे का?"

"नाही."

"तुमच्यामुळे झालाय?"

"मला अजून माहीत नाही, मॅडम. खरंच नाही. शोधूच देत नाहीयेत हो ते मला!"

"मग शोधा. मी इथेच बसते. भूल चढेपर्यंत मलाही दुसरं काम नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ग्राहक शेजारी बसलेला असताना काम करायची वेळ आली होती. पण गंमत अशी, की ही बाई फारसं बोलू शकत नव्हती. ऑफिसात एवढं सुख सुईणीला कधी मिळालं नव्हतं. मीटिंगमधले सगळे आपापसांत भांडू लागले होते, त्यांचा आवाज तिने बंद करून टाकला आणि पहिल्यांदा शांतपणे विचार केला.

कालपर्यंत स्क्रिप्ट चालत होती. मग कालची प्रत आणि आजची प्रत शेजारी शेजारी ठेवून बघावी. तिने तुलना करायला सांगितलं. संगणक म्हणाला, प्रत्येक ओळ वेगळी आहे. तिने डोळे फाडून बघितलं. वरून तिसरी ओळ तेवढी नवी होती. बाकी सगळं अक्षरन् अक्षर सारखं. डोळ्यांना जुळी दिसणारी भावंडं, आणि संगणक शपथेवर सांगतोय की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

"मग न दिसणारं काहीतरी आहे," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने अदृश्य खुणा दाखवण्याचा हुकूम दिला. झटकन प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चिमुकली खूण उमटली. गोचिडीसारखी, ओळीओळीला चिकटलेली.

"हे काय?" बाईंनी ओठ धरून विचारलं.

"काही संगणक ओळ संपली की शेवटी एक जादा खूण ठेवतात, मॅडम. दिसत नाही, पण असते. आमच्या भाड्याच्या मशीनना ती चालत नाही. त्यांना वाटतं तो शब्दाचाच भाग आहे. पहिल्याच ओळीत सांगितलंय, की या सूचना अमक्या प्रोग्रामकडून वाचून घ्या. त्या नावाला आता हे शेपूट लागलं. शेपटीवाला तसला प्रोग्राम मशीनमध्ये कुठून असणार? म्हणून 'सापडत नाही'."

"पण खूण आली कशी?"

"कुणीतरी आपल्या घरच्या संगणकावर फाईल उघडून बदल केला, आणि जपून ठेवली." सुईणीने फाईलचा इतिहास उघडला. शेवटचा बदल काल संध्याकाळचा होता. बदल करणाऱ्याचं नाव वाचून ती थांबली. मग तिने ती नवी तिसरी ओळ वाचली. तिसऱ्या ओळीत सर्व मशीनना आज्ञा होती, की उभं राहताच पडद्यावर ठळक अक्षरांत लिहावं: 'माननीय मॅनेजर महोदयांचे हार्दिक स्वागत!'

असा साहित्यिक माणूस ऑफिसात एकच होता.

बाईंनी ते नाव वाचलं. त्यांना हसू आलं, पण अर्धाच चेहरा हसला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "भूल चढलीये, चला," आणि त्या मुकाट्याने खुर्चीकडे गेल्या.

पुढचं काम किरकोळ होतं. एका हुकमात सगळ्या गोचिड्या गळून पडल्या. रखवालदाराचं दार उघडवलं, अडवून बसलेली मशीन हलवली आणि नव्याने हाक दिली. बत्तीसच्या बत्तीस शहाण्या मुलांसारखे उभे राहिले. स्वागताची ओळ मात्र तिने काढली नाही. साहेबांच्या भावनेचा प्रश्न होता.

दुपारी मीटिंग सुरू झाली. आदल्या मीटिंगमधून सावरलेले साहेब कोट घालून बसले होते. मॅनेजरबाईंचा कॅमेरा बंद होता.

"नमस्कार मॅडम! तुमचाच दिवस आहे! दाबा बटण!"

"भरं," आवाज आला.

"मॅडम, तुमचा आवाज नीट येत नाहीये. बघा, मी सकाळपासून टीमला हेच सांगतोय. तुमच्या बाजूचं नेटवर्क जरा तपासून घ्या. सकाळी डेटा सुद्धा असाच तुटक आला. पण आमच्या टीमने रक्ताचं पाणी करून—"

"नेटवर्क ठीक आहे. जीभ जड आहे."

"क्षमा करा, काय जड आहे?"

सुईणीच्या कॅमेऱ्यात बाजूने एक सुजलेला गाल सरकत आला आणि स्थिर झाला. दोघी एकाच चौकटीत. साहेबांनी आधी सुईणीकडे बघितलं, मग गालाकडे, मग पुन्हा सुईणीकडे.

"मॅडम, तुम्ही... तिकडे?"

"सकाळपासून. भिंतीपलीकडे खुर्चीत. भिंत फार पातळ आहे हो यांची."

मीटिंगमध्ये आर्किटेक्टच्या खुर्चीचं चाक करकरलं. त्याने घाईघाईने आपला माईक बंद केला. रखवालदार मीटिंगमधून दिसेनासा झाला. दार लावून घेणं हे त्याचं कामच होतं. बाईंनी मात्र बटण दाबलं. बत्तीस मशीन उभी राहिली आणि प्रत्येकाने ठळक अक्षरांत स्वागत केलं: '??????? ??????? ???????? ??????? ?????!' बिचाऱ्यांना देवनागरी कुणी शिकवलीच नव्हती.

"हे काय विचारतायत?" बाई म्हणाल्या.

"तांत्रिक आहे, मॅडम," साहेब घाम पुसत म्हणाले.

काम चोख झालं. कुठल्या मार्गावर किती गर्दी, कुठे जादा बस हवी, सगळं पडद्यावर आलं. बाईंनी करार पुढे चालू ठेवला. अट एकच घातली: यापुढे कामाचं बोलणं थेट सुईणीशी होईल. साहेबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. करार टिकला म्हटल्यावर त्यांना नैतिकतेची आठवण झाली.

"मॅडम, तुम्ही आहातच तर तुमच्यासमोरच सांगतो. ज्या कुणी या फाईलला हात लावला, त्याचा मी छडा लावणार. कोणीही असो, गय नाही!"

"सर, ते सापडलंय. फाईल—" सुईण म्हणाली.

"मधे बोलू नका. रीतसर चौकशी होईल. तुम्हीच करा. पण घाई नको. मला मुळापर्यंत गेलेलं हवंय."

"गेलेय, सर. पण—"

"नंतर!"

हे 'नंतर' काही येईना. ती फोन करायची, साहेब घाईत. ती मीटिंगमध्ये विषय काढायची, साहेब तिचं वाक्य अर्ध्यावर तोडून चौकशी किती महत्त्वाची आहे यावर बोलायचे. त्यांनी सगळ्या कंपनीला पत्रक धाडलं, की बेजबाबदार माणसं फाईली हाताळतात, हे खपवून घेतलं जाणार नाही. पत्रक वाचून आर्किटेक्टने उगाचच तिची माफी मागितली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून शेवटी सावालाच आपण चोर असल्यासारखं वाटू लागतं, ते असं.

आणि एक दिवस साहेबांचीच अक्कलदाढ दुखायला लागली. अक्कल तिथे आहे, ही बातमी कंपनीत बऱ्याच जणांना नवी होती. मॅनेजरबाईंनी ज्या डॉक्टरांचं एवढं कौतुक केलं त्यांच्याकडेच जायचं, शिवाय आपल्याच माणसाचा नवरा, म्हणजे रांगेत बसावं लागणार नाही, असा हिशोब करून साहेब दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, जबडा उघडला, गालात कापसाचे बोळे कोंबले, जिभेशी थुंकी ओढणारी नळी अडकवली आणि नेहमीचं सांगितलं, "आता बोलायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा."

मागच्या खोलीचं दार उघडलं. सुईण लॅपटॉप घेऊन आली आणि खुर्चीच्या बाजूला उभी राहिली.

"सर, चौकशी पूर्ण झालीये. आता सांगू का?"

"आँ," साहेब म्हणाले.

"अडचण नाही ना?"

"आँ आँ!"

"थँक्यू, सर." तिने पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कोणत्या संध्याकाळी फाईल उघडली, कुठल्या संगणकावर, तिसऱ्या ओळीत काय लिहिलं, ओळीच्या शेवटी काय चिकटलं, सगळं शांतपणे, क्रमाने, एकही वाक्य अर्ध्यावर न तुटता. इतकी वर्षं नोकरी करून असं सलग बोलायची ही तिची पहिलीच वेळ होती. शेवटी तिने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

साहेबांनी ते नाव वाचलं. त्यांचा डावा हात ताडकन वर गेला.

डॉक्टर ड्रिल हातात घेऊन नुकतेच वळले होते. ते चकित होऊन म्हणाले, "अहो, मी तर अजून हातही लावला नाही!"